निर्माल्य नावाचा फोल्डर

१

सकाळी ऑफिसात आलं की आधी राउटरच्या वर टांगलेल्या गणपतीच्या तसबिरीला फुलं वाहायची, कालची फुलं कोपऱ्यातल्या टोपलीत टाकायची आणि मग चहा घेऊन सर्व्हरची तब्येत बघायला बसायचं, हा माझा नेम. देव आधी की सर्व्हर आधी, यावरून हर्षल मला चिडवतो. मी म्हणते, देव रुसला तर वाट बघतो, सर्व्हर रुसला तर नर्सरीवाल्या समाधानभाऊंचा फोन येतो.

हर्षल माझा नवरा आणि धंद्यातला भागीदार. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. नर्सरीवाले, मंगल कार्यालयं, फुलं पिकवणारे अशा लोकांच्या वेबसाइट आम्ही बनवतो आणि आमच्याच सर्व्हरवर चालवतो. बाहेरच्या खोलीत आमची टेबलं, मधल्या खोलीत सर्व्हर आणि त्याचा एसी, आणि त्यामागे एक अडगळीची खोली. तिला कायम कुलूप. घरमालकाचं सामान आहे, किल्ली त्याच्याकडे, असं हर्षल सांगतो.

हर्षल रोज माझ्या आधी येतो. मी हिरावाडीतलं घर आवरून मागून येते, तोवर त्याने कडीला अडकवलेली फुलपुडी काढून माझ्या टेबलावर ठेवलेली असते. त्या दिवशी मात्र तो सटाण्याला आईकडे गेला होता, त्यामुळे कडीवरून पुडी मीच काढली.

कडीला दोन पुड्या होत्या. एकीत नेहमीची झेंडू-शेवंती. दुसरीत जुईचा गजरा, ओल्या पानात गुंडाळलेला.

गजरा मला फार आवडायचा म्हणे. मागच्या पावसाळ्यात मी आजारी पडले, ताप डोक्यात गेला, दवाखान्यात केस कापावे लागले. त्याच्या आधीचं पुष्कळसं मला हर्षलने सांगून सांगून परत शिकवलंय. आता जुईच्या वासाने माझं कपाळ दुखतं. फुलवाल्या बयाबाईची चूक झाली असणार असं म्हणून मी गजरा खिडकीत ठेवला आणि चहा ओतला.

२

डिस्क जवळजवळ भरली होती.

वेबसाइटवर कोण आलं, काय बघून गेलं, याची एक एक ओळ सर्व्हर एका फाइलमध्ये लिहीत जातो. ही फाइल फुगत गेली तर जागा संपते. म्हणून ठरल्या वेळी जुनी फाइल बाजूला सरकवायची, तिच्या जागी त्याच नावाची कोरी फाइल ठेवायची आणि सर्व्हरला सांगायचं की बाबा, इथून पुढे हिच्यात लिही. हे शेवटचं सांगणं राहिलं तर घोटाळा होतो. सर्व्हर जुन्याच फाइलमध्ये लिहीत बसतो, नवी नुसती कोरी पडून राहते, आणि नाव एकच असल्यामुळे वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

हे सगळं आपोआप करणारी स्क्रिप्ट हर्षलची. बाजूला काढलेल्या फाइली ज्या फोल्डरमध्ये जातात त्याला त्याने 'निर्माल्य' नाव दिलंय. कालची फुलं आणि कालच्या फाइली, दोन्हींना एकच न्याय. सासूबाईंनी त्याला लहानपणापासून शिकवलंय, निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही, वेगळं जपून ठेवायचं. जुनी फाइल पुसायची म्हटली की हा माणूस अजून हळवा होतो. मला त्याचं हे फार आवडायचं.

मी निर्माल्यातल्या फाइलींच्या आकारांची बेरीज केली. सगळ्या मिळून काहीच जागा खात नव्हत्या. मग इतर फोल्डर पाहिले. तिथेही काही नाही. फाइली थोड्या आणि डिस्क मात्र गच्च, याचा अर्थ एकच. कुठलीतरी फाइल अशी आहे जिचं नाव पुसलेलं आहे, पण कुणीतरी ती अजून उघडी धरून बसलंय. नाव गेलं तरी धरणारा आहे तोवर अशी फाइल मरत नाही. यादीत दिसत नाही, जागा मात्र खाते.

शोधल्यावर धरणारा सापडला. नव्या फाइलीची वेळ आली की सर्व्हर नवा कामगार, म्हणजे साइट दाखवणारा एक छोटा प्रोग्राम, उभा करतो आणि जुन्याला सांगतो, साइट बघणारं समोरचं गिऱ्हाईक उठलं की तूही थांब. असाच एक जुना कामगार अजून बसून होता. मागच्या पावसाळ्यापासून.

म्हणजे मागच्या पावसाळ्यात आलेलं एक गिऱ्हाईक अजून उठलेलं नव्हतं.

मी हर्षलची स्क्रिप्ट उघडली. शेवटी एक ओळ होती, या एका कामगाराचा आकडा देऊन त्याला वगळण्याची. तिच्यावर त्याने स्वतःसाठी टीप लिहिली होती: 'बंद करू नये.'

३

नाव नसलेली फाइलसुद्धा वाचता येते, वाट वाकडी करावी लागते एवढंच. मी ती उघडली.

गिऱ्हाइकाचा पत्ता बाहेरचा नव्हता. आमच्याच ऑफिसातला होता, माझ्या पहिल्या लॅपटॉपला दिलेला. तो लॅपटॉप हर्षलने भंगारात दिला, असं त्यानेच मला सांगितलं होतं. त्या लॅपटॉपचा स्पेस बार दोनदा वाजायचा, दाबताना एकदा आणि सुटताना एकदा. आजारपणाआधीची ही एकच आठवण माझी स्वतःची आहे. बाकीच्या हर्षलने दिलेल्या.

पत्त्यापुढे नाव होतं: रोहिणी. माझं.

खाली ओळी होत्या. आधी समाधानभाऊंची नर्सरी, मग मंगल कार्यालय, मग गिरणाऱ्याचे गुलाबवाले. रोज सकाळी चहा पिताना मी सगळ्या साइट एकदा उघडून बघते, त्याच क्रमाने. मी फाइल वर सरकवत गेले. काल, परवा, दिवाळी, दसरा, सगळीकडे तेच. माझा नेम कुणीतरी माझ्याबरोबर पाळत होतं.

माणूस स्वतःची समजूत घालण्यात मोठा हुशार असतो. मी म्हटलं, ही हर्षलची तपासणी असणार. माझ्या नावाने एक प्रोग्राम लावून ठेवला असेल, तो रोज साइट उघडून बघत असेल. मी आजारी होते तेव्हा लावला, काढायचा विसरला. एवढं म्हणून मी चहाचा घोट घेतला आणि मग ती ओळ दिसली.

नर्सरीचा पत्ता चुकीचा टाकला होता. 'पान सापडलं नाही', असं उत्तर गेलं होतं. पुढच्याच ओळीत पत्ता बरोबर. आदल्या दिवशीही तसंच. त्याच्या आदल्या दिवशीही. नर्सरी लिहिताना तू कायम अक्षरं उलटी करायचीस, हे सांगून हर्षल मला अजून हसतो. आजारपणानंतर माझी ती सवय गेली.

प्रोग्राम चुकत नाही. चुकून परत दुरुस्त तर मुळीच करत नाही.

मी दोन्ही हात मांडीवर घेतले. पडद्यावर खाली एक नवी ओळ आली.

४

मी जिना उतरून बयाबाईकडे गेले. बयाबाई मखमलाबादची, घरची फुलं घेऊन आमच्या दाराशी बसते. तिला बघून, उन्हात, रिक्षांच्या आवाजात मला जरा धीर आला.

"बयाबाई, आज गजरा कुणाचा अडकवलास?"

"तुमचाच की. रोजच देते ना."

"रोज?"

"साहेबांनी सांगितलंय, दोन पुड्या बांधत जा. एक देवाची, एक बाईंची." ती हातातली माळ ओवतच होती. "जुईच पाहिजे म्हनले. तुम्ही आजारी पडल्या तव्हापासून एक दिवस खाडा नाय. लय जीव हाय साहेबांचा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वर येऊन मी कोपऱ्यातली निर्माल्याची टोपली जमिनीवर उपडी केली. ती भरली की हर्षलच गंगेवरच्या, गोदाकाठच्या, निर्माल्यकलशात रिकामी करून येतो, मला कधी नेऊ देत नाही. वरती झेंडू, शेवंती, मी वाहिलेली. खाली वाळलेले गजरे. एका गजऱ्याच्या गाठीत केस अडकला होता. मी तो उलगडत गेले, तो संपेचना. माझे केस खांद्याला लागतात जेमतेम.

सरळ सांगायचं तर तेव्हा मला दुसरी बाईच आठवली. आणि खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. दुसरी बाई असली तर भांडता येतं, माहेरी जाता येतं, चार लोकांत तोंड उघडता येतं. मी हर्षलला फोन लावला तो भांडायच्याच तयारीने.

५

"डिस्क भरलीय," मी म्हटलं. "तू एक जुना कामगार जिवंत ठेवलायस. मी तो बंद करतेय."

पलीकडे तो घाईने उठल्याचा आवाज आला.

"रोहिणी, ऐक. त्याला हात लावू नकोस. मी निघतो."

"साइट बंद पडायला लागतील हर्षल. समाधानभाऊंचा फोन येऊन गेला मघाशी. नर्सरीचं पान उघडत नाहीये त्यांच्या गिऱ्हाइकाला."

"पडू देत बंद."

लग्नाच्या पंगतीतून उठून गिऱ्हाइकाचा फोन घेणारा माणूस हा. त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर माझ्या भांडणातला जोर गेला.

"माझ्या नावाने कोण बसतंय रे तिथे?"

मागे सासूबाईंचा आवाज आला. त्यांना वाटलं असेल मला ऐकू जाणार नाही. सासूबाई बागलाणातल्या, घरात अजून अहिराणीच बोलतात, आणि 'शे' म्हणजे 'आहे' एवढं मलाही कळतं.

"कोनती शे रे?" त्यांनी विचारलं.

हर्षलने फोनवर हात ठेवला. मग फोन बंद झाला.

कोण आहे, असं त्यांनी विचारलं नव्हतं. कोणती आहे, असं विचारलं होतं. माझ्या आजारपणात याच सासूबाई माझ्या उशाशी बसायच्या, मला भरवायच्या, आणि मधेच माझ्याकडे बघून डोळे पुसायच्या. मला वाटायचं, किती लावून घेतलंय यांनी. आता वाटलं, त्या रडत होत्या ते कुणासाठी?

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, इतके दिवस कशी आली नाही देव जाणे. मोबाइलमधल्या जुन्या व्हिडिओंत हर्षल मला 'रोहू' म्हणतो. दवाखान्यातून आल्यापासून त्याने मला एकदाही रोहू म्हटलेलं नाही. रोहिणीच म्हणतो, नीट, पूर्ण, ऑफिसातल्या कागदावर असतं तसं.

६

मधल्या खोलीत एसीची घरघर होती. सर्व्हरच्या मागे केबलींचा गुंता असतो, मी त्यात कधी हात घालत नाही, ते हर्षलचं खातं. आता मी एक एक केबल बोटाने धरून बघत गेले. एक निळी केबल भिंतीच्या कडेकडेने गेली होती आणि अडगळीच्या खोलीच्या दाराखाली शिरली होती.

मी एसी बंद केला.

आधी खालच्या गल्लीतला आवाज आला, कुणीतरी मेथीची जुडी ओरडून विकत होतं. मग खिडकीवरची कबुतरं. मग, दाराच्या आतून, अगदी हलकं, टाइप केल्याचा आवाज. सलग, सवयीचा, चहा पिता पिता केल्यासारखा. आणि प्रत्येक शब्दानंतर ते दोन ठोके, दाबताना एक आणि सुटताना एक.

माझी म्हणून उरलेली एकुलती एक आठवण त्या दारामागे वाजत होती. तीही माझी नव्हती मग.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

टाइप करणं थांबलं. खुर्ची सरकली नाही, पाऊल वाजलं नाही. फक्त दाराच्या फटीतून जुईचा वास आला आणि माझं कपाळ ठणकायला लागलं. कुणीतरी दाराला कान लावून माझा श्वास ऐकतंय, जसा मी तिचा ऐकत होते, अशी माझी खात्री झाली.

मी टेबलावर परत आले. जुन्या कामगाराला थांबवायची कमांड टाइप केली. एंटर दाबलं की झालं. कामगार गेला की ती बिननावाची फाइल जाईल, जागा मोकळी होईल, साइट चालू होतील. आणि आत जे कुणी रोज सकाळी चहाबरोबर नर्सरीचं स्पेलिंग चुकवत होतं, त्याचं काय होईल ते मला माहीत नव्हतं. पण ते उरलं नाही तर घर माझं, नवरा माझा, नाव माझं, हे मला स्वच्छ कळत होतं.

बोट एंटरवर होतं. मला दाबवलं नाही. ती अक्षरं उलटी करून मग दुरुस्त करणं मला इतकं ओळखीचं, इतकं गरीब वाटलं की माझ्याने ते पुसवेना. हर्षलला येऊ दे, म्हटलं. तोच सांगेल. तो माझा नवरा आहे, माझ्याच बाजूने बोलेल.

७

दुपारी जिन्यावर त्याची पावलं वाजली. मी उठून उभी राहिले. तो आला, धापा टाकत, आणि माझ्या बाजूने, माझ्याकडे न बघता मधल्या खोलीत गेला. त्याने खिशातून गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याच जुडग्यातली एक किल्ली त्या कुलपाला लागली. घरमालकाकडे असलेली किल्ली.

"रोहू," तो म्हणाला. व्हिडिओतल्या आवाजात. "तिने काही केलं नाही ना?"

मी त्याच्या मागे उभी होते. दार वीतभर उघडलं होतं. आत खिडकी नव्हती, फक्त पडद्याचा उजेड होता. खुर्चीच्या पाठीवरून खाली आलेली लांब वेणी दिसली, तिच्यात सुकलेला गजरा. मग ती वळायला लागली. आधी खांदा, मग मान. मीही तशीच वळते. चेहरा यायच्या आत हर्षल आत शिरला आणि त्याने दार लोटून घेतलं.

आतून बोलणं ऐकू आलं.

"डिस्क भरलीय," हर्षल म्हणत होता. "दोन्ही नाही राहणार. जागा करावी लागेल."

"मग नवी काढून टाक," माझा आवाज म्हणाला. गिऱ्हाइकाला समजावताना माझा असतो तसा, शांत.

हर्षल नाही म्हणेल म्हणून मी थांबले. बराच वेळ थांबले. एका शब्दाचं काम होतं. मी त्याच्या घरात त्याच्या आईच्या हातचं खाल्लं होतं, त्याच्या आठवणी माझ्या म्हणून पाठ केल्या होत्या, मघाशी बोट एंटरवर असताना त्याच्या भरवशावर मागे घेतलं होतं. तो काहीच म्हणाला नाही.

मग तो बाहेर आला. माझ्या पडद्यावरची कमांड त्याने वाचली.

"तू दाबलं नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"चांगली आहेस तू." त्याचे डोळे ओले होते आणि त्याचा मला संताप आला. रडायचा हक्क कुणाचा होता तिथे? "रोहिणी, जरा उठतेस?"

मी उठले. तो माझ्या खुर्चीत बसला आणि माझी कमांड एक एक अक्षर करून खोडली.

"तुझा पासवर्ड तोच आहे ना, मी लावून दिलेला?"

मी हो म्हटलं. वर अक्षरं सांगितली, त्याला अडायला नको म्हणून. नवऱ्यापासून काही राखून ठेवायचं असतं, हे त्याने मला शिकवलेल्या गोष्टींत नव्हतं.

८

हर्षलने मला पुसलं नाही, हे मी मान्य करते. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, वेगळं जपून ठेवायचं, हे त्याच्या रक्तात आहे. स्क्रिप्टमध्ये आता वगळायचा आकडा दुसरा आहे, माझा, आणि वर तीच टीप आहे. मोठी डिस्क मागवलीय, असं तो अडगळीच्या खोलीच्या दाराबाहेरून मला सांगतो. दार उघडत नाही.

सकाळी बाहेर कडी वाजते. कप ठेवल्याचा आवाज येतो, मग तिचं हसणं. देव आधी की सर्व्हर आधी, यावरून तो तिला चिडवत असतो. मग तो खालच्या आवाजात रोहू म्हणतो आणि मी कानावर हात ठेवते.

बयाबाई अजून दोन पुड्या बांधते. गजरा बाहेरची ती डोक्यात माळते. देवाची पुडी वाहून झाली की कालचा झेंडू माझ्या दाराशी आणून ठेवते, पायदळी येणार नाही असा, एका कडेला. मग थोडा वेळ दाराशी उभी राहते. मी टाइप करणं थांबवते. ती गेली की परत सुरू करते.

इथे खिडकी नाही. एक लॅपटॉप आहे, त्यावर मी हे लिहिते आहे. कुठल्या फाइलमध्ये जातंय ते मला दिसत नाही, तिला नाव नाही. स्पेस बार दोनदा वाजतो.